दहा वाजता दुकान उघडतं

"माझा मुलगा २८ वर्षांचा. आम्ही वर्तकनगरला राहतो. तीन वर्षांपूर्वी ऐरोलीला नाइट शिफ्टला असताना त्याचं बिनसलं. दहा-बारा रात्री झोप नाही, अखंड बडबड, मित्रांना पार्ट्या, क्रेडिट कार्डावर दोन मोबाइल. अ‍ॅडमिट करावं लागलं. डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, म्हणजे मन कधी अतोनात चढतं, कधी पार उतरतं. नंतर कित्येक महिने नुसता पडून होता. आता लिथियमची गोळी चालू आहे, आठ महिने काही त्रास नाही. पण उठतो साडेअकराला, मोबाइल बघतो, जेवतो, परत आडवा. ह्यांचं म्हणणं, 'कामाला लाग, आपोआप ताळ्यावर येशील.' मला भीती, टेन्शन आलं की परत सुरू होईल. ह्यांच्या मित्राचं कोर्ट नाक्याजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. तो म्हणतो, पाठवा रोज दोन-तीन तास. पाठवू का? नणंदेने व्हॉट्सअ‍ॅपवर चांगल्या सवयींची यादी पाठवलीय: पहाटे पाचला उठणं, ध्यान, गार पाण्याची आंघोळ, कृतज्ञतेची वही. तो त्यातलं एकही करत नाही. आणि लोकांना काय सांगायचं?"
एक आई, ठाणे

ताई,

पाठवा. दोन-तीन तासच पाठवा, पण पाठवा. तो 'पूर्ण बरा' होण्याच्या मुहूर्ताची वाट बघत बसू नका, या आजारात तसा मुहूर्त कुठल्या पंचांगात नसतो. गोळ्या नियमित, आठ महिने शांत, डॉक्टरांकडे जाणं-येणं चालू, एवढं सुरुवातीला पुरे. दुकानाचं डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि तोवर घरी एक काम हातात घ्या. त्याची सकाळ जागेवर आणा.

पत्रभर तुम्ही टेन्शनची काळजी केली आहे. झोपेबद्दल मात्र एकच ओळ, तीही तक्रारीची. मी असते तर उलट केलं असतं. पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांनी बायपोलरच्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धत बसवली, तिचा पायाच हा आहे. त्यांचं म्हणणं असं, की आयुष्यातली उलथापालथ या माणसांना बाधते ती बऱ्याचदा दिनक्रम मोडल्यामुळे. भांडण झालं, रात्र जागून काढली, दुसऱ्या दिवशी जेवण चुकलं, तिसऱ्या रात्री झोप आलीच नाही, आणि मग गाडी वर चढायला लागली. फ्रँकबाईंच्या पद्धतीत रुग्ण रोजच्या पाच वेळा टिपून ठेवतो. अंथरुणातून उठलो ती, दिवसात पहिल्यांदा कुणा माणसाशी संबंध आला ती, काम सुरू केलं ती, रात्रीच्या जेवणाची आणि झोपायला गेलो ती. या पाच वेळा रोज साधारण सारख्या याव्यात, एवढीच खटपट. २००५ साली त्यांनी दोन वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष छापले. आजार भरात असतानाच ज्यांना ही पद्धत शिकवली, ते औषधांच्या जोडीने पुढे जास्त काळ बरे राहिले होते. औषधांच्या जोडीने, हे अधोरेखित करते. नाहीतर कुणी उद्यापासून गोळी बंद करून घड्याळ लावत बसेल.

या पाचांत ध्यान नाही, गार पाणी नाही. माणसं आहेत. कुणाशी तरी बोलणं, कुठेतरी वेळेवर पोहोचणं, कुणाबरोबर तरी जेवणं. तुमच्या मुलाच्या दिवसात सध्या नेमकं तेच गळलंय. साडेअकराला उठणाऱ्याला पहिलं माणूस कोण भेटतं? तुम्ही, आणि तुमचं पहिलं वाक्य काय असेल ते मला न लिहिताही कळतं.

तेव्हा उठण्याची वेळ धरा, झोपण्याची नाही. झोप कुणाला हुकमावर येत नाही, उठणं त्यातल्या त्यात हातात असतं. आठचं लक्ष्य ठेवा, पण एकदम नको. दर तीन-चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे आणा. साडेअकरावरून उद्या पाचला उठवलंत तर त्या रात्रीची झोप कापली जाईल, आणि बायपोलरमध्ये कापलेली झोप म्हणजे चढाला आमंत्रण असतं. उठल्यावर अर्ध्या तासात उजेडात जाऊ दे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदूतलं घड्याळ पुढे सरकतं आणि रात्री झोप वेळेवर येते. उपवन तुमच्यापासून फार लांब नाही. तळ्याला एक फेरी आणि टपरीवर एक चहा, पुष्कळ झालं. दुपारची झोप अर्धा तास आणि तीनच्या आत. चारनंतर चहा-कॉफी नको. मोबाइलचा चार्जर हॉलमध्ये, आणि हा नियम घरातल्या सगळ्यांना, नाहीतर तो शिक्षा वाटेल. हे सगळं करूनही सकाळी डोळे उघडत नसतील, डोकं जड असेल, तर तो आळस नसून रात्रीच्या गोळ्यांची गुंगी असू शकते. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते गोळीची वेळ बदलू शकतात. आपण होऊन बदलू नका.

आणि त्याला हाका मारून उठवायचं काम तुम्ही सोडा. त्याऐवजी घरातलं एक खरं काम त्याच्याकडे द्या. 'खरं' म्हणजे जे केलं नाही तर घराचं अडतं. समजा, खाली जाऊन दूध आणणं. त्याने आणलं तर चहा, नाही आणलं तर नाही. पहिले काही दिवस चहा उशिरा होईल, ह्यांची चिडचिड होईल. होऊ दे. पण तुम्ही गुपचूप उतरून पिशवी आणलीत तर खेळ खलास, कारण आपल्यावाचून काही अडत नाही हे त्याला त्याच सकाळी कळेल. झाडांना पाणी घाल, पेपर वाच, असली वेळ घालवायची कामं देऊ नका. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला गुंतवून ठेवण्याची कामं बरोबर ओळखता येतात.

गणपती-नवरात्रात जास्त जपा. आरतीला जाऊ दे, मंडळात वावरू दे, ते हवंच. पण रात्रभर डेकोरेशन, विसर्जनाच्या पहाटेपर्यंत ढोल, गरब्याहून दीडला घरी, हे त्याच्यासाठी नाही. मित्र चिडवतील. 'सकाळी दुकान आहे' हे उत्तर त्यासाठी फार कामाचं असतं. दुकान असण्याचा हाही एक फायदा धरा. पुढेमागे त्याला पुन्हा ऐरोली-महापेला नोकरी करावीशी वाटली तर जरूर करू दे, फक्त नाइट शिफ्ट नाही आणि फिरती शिफ्टही नाही. पगार कमी असला तरी चालेल.

नणंदबाईंच्या यादीचं काय करायचं? आभार माना आणि ठेवून द्या. पाचला उठणं का नको ते वर आलंच. ध्यान वाईट नाही, पण दिवस-दिवस मौन धरायची शिबिरं बायपोलर किंवा सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमाचा आजार, होऊन गेलेल्यांना सोसतीलच असं नाही, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव घालू नका. योगासनं करावीशी वाटली तर रोज ठरल्या वेळी, चार माणसांच्या वर्गात जाऊन करू दे. घंटाळीसारखे जुने वर्ग ठाण्यात आहेत. घरी एकट्याने यूट्यूब लावून केलेला योग आठवड्यात मावळतो असं मी फार घरांत पाहिलंय. कृतज्ञतेची वही तुम्हालाच लिहावीशी वाटली तर लिहा.

यादीत नसलेली एक गोष्ट मात्र आजच बघा. लिथियम घेणाऱ्याचं पाणी आणि मीठ सांभाळावं लागतं. शरीरातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातलं प्रमाण वाढतं. म्हणून निर्जळी उपास नको, एकदम अळणी जेवण नको. ठाण्याचा मे आणि ऑक्टोबर घामाचे, बाटली जवळ हवी. जुलाब-उलट्या झाल्या तर वाट न बघता डॉक्टरांना फोन. अंगदुखीसाठी केमिस्टकडून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून देऊ नका, त्यांनीही प्रमाण वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळलं, तर ती धोक्याची खूण, त्याच दिवशी दाखवा. रक्तातलं लिथियम, थायरॉइड आणि मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन डॉक्टर सांगतील त्या अंतराने तपासून घ्या. लिथियमसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचं असतं, हे लॅबवाले दर वेळी विचारत नाहीत.

आता दुकान.

'आधी बरा होऊ दे, काहीतरी कोर्स करू दे, आत्मविश्वास येऊ दे, मग काम', असं सगळ्याच घरांत म्हणतात. पूर्वी पुनर्वसनातही तोच रिवाज होता. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९०च्या दशकात हा क्रम फिरवून पाहिला. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना आधी खऱ्याखुऱ्या नोकरीवर लावायचं, आणि शिकवणं, सांभाळणं, अडचणी सोडवणं हे नोकरी चालू असताना. पुढे बऱ्याच देशांत चाचण्या झाल्या आणि आधी प्रशिक्षण देण्यापेक्षा या पद्धतीने जास्त लोक नोकरीला लागले. मला त्यातलं पटतं ते हे, की आत्मविश्वास कामाच्या आधी येत नाही. तो मशीनमधला अडकलेला कागद आपल्या हाताने काढल्यावर येतो.

आणि झेरॉक्सचं दुकान हे, खरं सांगू, अशा मुलासाठी फार बरं काम आहे. कोर्ट नाक्याला सकाळी काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. कुणाला आधारच्या दोन्ही बाजू एकाच पानावर हव्यात, कुणाला प्रतिज्ञापत्राचे तीन सेट, कुणी वकिलाचा कारकून घाईत, 'भाऊ, आधी माझं द्या, पुकारा व्हायचाय.' काम दोन मिनिटांत संपतं, चुकलं तर एक कागद वाया जातो, बरोबर झालं तर माणूस पैसे देऊन चालता होतो. रात्री घरी न्यायला काही उरत नाही. कॉल सेंटरसारखं टार्गेट नाही. आणि दहाला शटर वर जातं, त्यामुळे आठला उठण्याला पहिल्यांदाच काहीतरी कारण मिळतं.

ह्यांच्या मित्राशी दोन-तीन गोष्टी मात्र आधी बोलून घ्या, आणि बोलताना मुलगा समोर असू दे. पहिले दोन आठवडे दहा ते बारा, मग एक वाजेपर्यंत. सुरुवातीला फक्त मशीन, गल्ला आणि क्यूआर कोडचा हिशेब नंतर. जास्त थांबवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा, ऐन वेळी नको. पैसे द्यायचेच. किती, हा त्या दोघांचा प्रश्न, पण फुकट नको आणि तुमच्या हातात तर मुळीच नको. 'अहो, तुमचाच मुलगा, पैशाचं काय' असं प्रेमाने म्हटलं जाईल, त्यावर ह्यांनी मान डोलवू नये. फुकट राबणाऱ्याला चार दिवस न गेल्याचं काही वाटत नाही, आणि पगार घेणाऱ्याला दुकानदारही नीट वागवतो. पैशांच्या बाबतीत मागचा अनुभव आहे, तेव्हा क्रेडिट कार्ड नको, यूपीआयची मर्यादा त्यानेच ठरवावी, आज डोकं शांत असताना. आजाराविषयी मित्राला किती सांगायचं तेही तोच ठरवेल. 'गोळ्या चालू आहेत, सकाळी थोडा सावकाश असतो' इतकं पुरतं.

शेवटची अट ह्यांच्यासाठी. रोज दुपारी मित्राला फोन करून 'आज कसा होता?' विचारायचं नाही. मुलाला ते दोन दिवसांत कळतं, आणि मग दुकान हे दुकान राहत नाही, वॉर्ड होतो.

तो एखाद्या दिवशी जाणार नाही. एखादा आठवडाही मोडेल. त्यावर पंचायत भरवू नका. दुसऱ्या दिवशी दूध आणायची वेळ तीच.

घरातल्या वातावरणाबद्दल थोडं कडू लिहिते, रागावू नका. आजार आईबापांमुळे झालेला नाही, हे आधी. पण लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या शेवटी इस्पितळातून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा माग काढला, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांपैकी जास्त जण पुन्हा आजारी पडत होते, आणि भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहिलेले तुलनेने बरे होते. पुढच्या अभ्यासांत कारणं सापडली ती अशी: सतत टोचून बोलणं, राग, आणि जीव गुदमरेल इतकी काळजी. बायपोलरमध्येही नंतर तेच आढळलं. चंदीगडच्या घरांमध्ये असाच अभ्यास झाला, तेव्हा लंडनपेक्षा तिथे टोचणं कमी निघालं, म्हणजे आपल्याकडची घरं अगदीच वाईट नाहीत. तुमच्या घरात टोचणं ह्यांच्याकडे आणि काळजी तुमच्याकडे, अशी वाटणी दिसते. ह्यांना सांगा, 'ताळ्यावर ये' ऐवजी 'सकाळी मी उपवनला जातोय, येतोस?' विचारा. आणि तुम्ही त्याचं ताट उचलणं, त्याची गोळी तळहातावर ठेवणं, त्याच्या खोलीत दर तासाला डोकावणं कमी करा. गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा मिळतो. रविवारी तो स्वतः भरेल, तुम्ही फक्त संध्याकाळी डब्याकडे नजर टाका.

तुमची भीती खोटी नाही, म्हणून तिला कागदावर बसवा. तो बरा आहे तोवर त्याच्यासोबत एका पानावर लिहून काढा, मागच्या वेळी सुरुवात कशी झाली होती. झोप कमी होऊनही थकवा नाही, बोलण्याचा वेग, नवे धंदे, खरेदी, जुन्या मैत्रिणींना मध्यरात्री फोन, जे काही असेल ते त्याच्याच शब्दांत. खाली डॉक्टरांचा नंबर, आणि 'दोन रात्री झोप चार तासांच्या खाली गेली आणि तरी तरतरी वाटली तर आई फोन करेल, मी भांडणार नाही' असं वाक्य त्याच्या अक्षरात. उताराच्याही खुणा लिहा. आणि कधी तो 'जगण्यात काही राम नाही' असं बोलला, तर विषय बदलू नका. 'मरायचे विचार येतात का?' असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. डॉक्टर भेटत नसतील तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका दिसला तर मात्र फोनवर वेळ न घालवता थेट इस्पितळ.

लोकांना काय सांगायचं? आपल्याकडे कुणी जरा विचित्र वागला की 'याला ठाण्याला पाठवा' म्हणून हसतात. आपण तर ठाण्यातच राहतो, आपल्याला कुठे पाठवणार! १९०१पासून ते मनोरुग्णालय इथे आहे आणि रोज केसपेपर काढून, गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी स्वयंपाकाला लागणारी माणसं तिथल्या ओपीडीत असतात, हे हसणाऱ्यांच्या गावीही नसतं. सोसायटीतल्या प्रत्येकाला खुलासा द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. 'तब्येतीमुळे नोकरी सोडली होती, आता कोर्ट नाक्याला जातो' हे पूर्ण खरं वाक्य आहे आणि त्यावर पुढचा प्रश्न सहसा येत नाही. जवळच्या दोघा-तिघांना मात्र खरं नाव सांगा, कारण एखाद्या रात्री तुम्हाला त्यांची गरज लागेल.

आणि तुम्ही? पत्रात तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. तीन वर्षांत स्वतःसाठी घराबाहेर कधी पडला होतात? नौपाड्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. रुग्णांच्या घरच्यांसाठी सध्या कुठला गट कोणत्या वारी भरतो, ते फोन करून विचारा आणि एकदा जाऊन बसा. बोलायची सक्ती नसते. तिथे गोळीचा डबा, चार्जर, नवऱ्याचे टोमणे यावर तुमच्यासारख्याच बायका बोलत असतात, आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. ते नको असेल तर बंद पडलेलं भजनी मंडळ, भिशी, काहीही चालेल, पण दहा ते बाराच्या वेळातलं बघा. तो दुकानात असताना तुम्ही घरात खिडकीशी उभ्या राहिलात तर साडेअकरापर्यंत तुमचा हात फोनकडे जाईलच.

दुकान सोमवारी सुरू करू नका. सुट्टीनंतर कोर्टात आणि कलेक्टर कचेरीत गर्दी उसळते. बुधवारचा दिवस धरा.